तीन बटणे, एक बल्ब : चाकोरीबाहेरच्या विचाराची शिस्त

तर्ककोडे अडले की ‘जरा वेगळा विचार कर’ असा सल्ला हमखास मिळतो. या सल्ल्यात चूक काहीच नाही. अडचण एवढीच की तो ऐकल्यावर कागदावर पुढची रेघ कोणती ओढायची, हे कळत नाही. माल्टात जन्मलेले डॉक्टर आणि लेखक एडवर्ड डी बोनो यांनी 1967 साली ‘लॅटरल थिंकिंग’ हा शब्दप्रयोग रूढ केला. तेव्हापासून या प्रकारच्या विचाराभोवती प्रतिभेचे आणि अवचित सुचण्याचे वलय तयार झाले आहे, आणि ज्यांना उत्तर सुचत नाही ते ‘हे आपले काम नाही’ असे म्हणून कोडे बाजूला ठेवून देतात. मला हे पटत नाही. चाकोरी सोडण्याआधी ती नेमकी कुठे संपते, हे सरळ तर्काने मोजता येते. आणि ते नीट मोजले, तर पाऊल कोणत्या बाजूला टाकायचे हेही बहुतेक वेळा कळून येते. ही मोजणी कशी करायची, ते पुढे एका प्रसिद्ध कोड्यावर सविस्तर आणि आणखी काही कोड्यांवर थोडक्यात दाखवले आहे. कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचावे, ही विनंती.

कोडे आधी शब्दशः उतरवून घ्या

एका बंद खोलीत एक बल्ब आहे. खोलीबाहेर भिंतीवर तीन बटणे आहेत आणि त्यांपैकी नेमके एकच त्या बल्बचे आहे. उरलेली दोन कशालाच जोडलेली नाहीत. सुरुवातीला तिन्ही बटणे बंद आहेत. दार बंद असताना आतला उजेड बाहेर अजिबात दिसत नाही. बटणे हवी तेवढ्या वेळा, हवी तशी चालू-बंद करता येतील. मात्र दार एकदाच उघडता येईल, आणि ते उघडल्यानंतर बटणांना हात लावता येणार नाही. बल्बचे बटण कोणते, हे खात्रीने कसे सांगाल?

कोडे ऐकताच डोक्यात घोळवू लागण्याची सवय सोडून ते आधी जसेच्या तसे लिहून काढावे. कोडे मनात साठवताना आपण नकळत त्याचा सारांश करतो, आणि सारांशात घातक गृहीतके शिरतात. वरच्या कोड्याचा सारांश बहुतेक लोक ‘एकदाच पाहून कोणते बटण ते ओळखायचे’ असा करतात. मूळ मजकुरात ‘पाहून’ हा शब्द कुठेही नाही. तो आपण घातला.

लिहून झाल्यावर कागदाचे दोन भाग करावेत. डावीकडे फक्त तेच लिहावे जे कोड्याने स्पष्टपणे सांगितले आहे. उजवीकडे ते लिहावे जे आपण धरून चाललो आहोत. डावी बाजू भराभर भरते. उजवी बाजू भरण्यास वेळ लागतो, कारण आपली गृहीतके आपल्याला गृहीतके म्हणून दिसतच नाहीत, ती वस्तुस्थितीच वाटतात. ती बाहेर काढण्यासाठी डावीकडच्या प्रत्येक वाक्यातील नाम आणि क्रियापद यांना एकेक प्रश्न विचारावा. बटण ‘चालू करता येईल’ असे म्हटले आहे. पण किती वेळ, हे सांगितले आहे का? खोलीत जाता येईल. पण आत जाऊन फक्त पाहायचे, असे बंधन आहे का? बल्ब आहे; पण तो उंचावर आहे, हाताला येणार नाही, असे कोणी म्हटले आहे का? अशा प्रश्नांतून उजव्या बाजूला चार-पाच ओळी तयार होतात. त्यांपैकी एकीत उत्तर दडलेले असते, पण ती कोणती हे एवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढची पायरी आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

वाट बंद आहे, हे सिद्ध करून दाखवा

बहुतेक जण या कोड्यात पहिले बटण चालू करून आत जाण्याची कल्पना करतात. बल्ब लागलेला असेल तर प्रश्न सुटला. नसेल तर दुसरे की तिसरे, हे कळत नाही. मग दोन बटणे चालू करून पाहतात, आणि तिथेही तसाच घोटाळा होतो. असे प्रयोग करत राहण्याऐवजी एकदा बसून मोजावे. दार उघडल्यावर बल्ब लागलेला असेल किंवा विझलेला, म्हणजे दिसणारी उत्तरे दोन. शक्यता मात्र तीन. दोन उत्तरांमधून तीन शक्यता वेगळ्या काढता येत नाहीत, मग बटणांशी कितीही खेळ केला तरी.

हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रीतीने मांडली तर अधिक उपयोगी पडते. बटणे तीन आहेत आणि प्रत्येक बटण चालू किंवा बंद अशा दोनच स्थितींत असू शकते. तेव्हा दार उघडण्याच्या क्षणी किमान दोन बटणे एकाच स्थितीत असणारच: दोन्ही चालू, नाहीतर दोन्ही बंद. या जोडीतील बल्बचे बटण कोणते, हे त्या क्षणीच्या उजेडावरून कळणे शक्य नाही.

अनेक जण इथवर येतात आणि ‘हे कोडे सुटणारच नाही’ असे जाहीर करतात. खरे पाहता ते उत्तराच्या उंबरठ्यावर उभे असतात. अशक्यतेचा पुरावा हाती आला की तो पुन्हा सावकाश वाचावा आणि त्यातील प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर बोट ठेवावे, कारण पुरावा ज्या शब्दांवर उभा आहे तेच शब्द आपल्या उजव्या बाजूच्या यादीतील कामाची गृहीतके असतात. आपल्या पुराव्यात असे दोन शब्द आहेत: ‘त्या क्षणीच्या’ आणि ‘उजेडावरून’. त्या क्षणी जोडीतील दोन्ही बटणांची स्थिती सारखीच असेल, तर त्यांच्यातील फरक त्या क्षणाच्या आधीचा, म्हणजे भूतकाळातील असला पाहिजे. एक बटण पूर्वी चालू होते आणि दुसरे नव्हते, एवढाच फरक शक्य आहे. आता प्रश्न एकदम अरुंद होतो: बल्ब पूर्वी लागलेला होता, याची कोणती खूण तो विझल्यानंतरही काही काळ बाळगतो?

प्रश्न असा विचारला की उत्तर शोधण्यास प्रतिभा लागत नाही. तारेचा जुना पिवळा बल्ब वापरलेल्या कोणालाही ठाऊक असते की तो तापतो. त्याला मिळणाऱ्या विजेपैकी 90 टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत खर्च होते. टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते, आणि तिची धग काचेपर्यंत पोहोचून बल्ब विझल्यावरही काही मिनिटे टिकते.

कृती आता सरळ आहे. पहिले बटण चालू करून आठ-दहा मिनिटे तसेच ठेवावे. मग ते बंद करून लगेच दुसरे चालू करावे आणि दार उघडावे. बल्ब लागलेला असेल, तर बटण दुसरे. विझलेला असेल, तर तळव्याची मागची बाजू काचेजवळ न्यावी. ऊब जाणवली तर बटण पहिले, आणि बल्ब गार असेल तर तिसरे. प्रत्यक्षात प्रयोग करणाऱ्यांनी काचेला थेट स्पर्श करू नये. नुकताच विझलेला 60 वॅटचा बल्ब बोट भाजण्याइतका गरम असतो, आणि दोन-तीन सेंटिमीटर अंतरावरूनही ऊब स्पष्ट कळते.

इथे एक गोष्ट शिक्षकांनी आणि पालकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. 2015 साली सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर आपल्याकडे एलईडी बल्ब घरोघर पोहोचले. एलईडी बल्बही थोडा तापतो, पण ती ऊब प्रामुख्याने त्याच्या बुडाशी साठते आणि पांढरे आवरण फारसे गरम होत नाही. ज्या मुलाने आयुष्यभर एलईडीच पाहिला आहे, त्याला या कोड्याचे उत्तर सुचले नाही तर त्याच्या विचारशक्तीत उणीव आहे असा अर्थ कृपया काढू नये. कोडे घालताना ‘तारेचा जुना पिवळा बल्ब’ असे स्पष्ट सांगावे, आणि शक्य असल्यास असा एखादा बल्ब आधी त्याला दाखवावा. ज्या ज्ञानावर उत्तर अवलंबून आहे ते ऐकणाऱ्याकडे असले पाहिजे. अन्यथा ते कोडे उरत नाही, ती केवळ माहितीची परीक्षा होते.

उत्तर मिळाल्यावर मोजणी पुन्हा करावी, कारण तिथे आणखी काही हाती लागते. उजेडाच्या दोन अवस्था आणि उष्णतेच्या दोन अवस्था मिळून आता चार उत्तरे शक्य आहेत: लागलेला व गरम, लागलेला व गार, विझलेला व गरम, विझलेला व गार. आपण तीनच वापरली. म्हणजे याच पद्धतीने चार बटणांचे कोडेही एका फेरीत सुटायला हवे, आणि ते सुटते. पहिली दोन बटणे दहा मिनिटे चालू ठेवावीत, मग त्यांपैकी दुसरे बंद करून तिसरे चालू करावे, चौथ्याला हात लावू नये आणि तत्काळ आत जावे. लागलेला आणि चांगला तापलेला बल्ब पहिल्या बटणाचा, विझलेला पण गरम असेल तर दुसऱ्याचा, लागलेला पण काच अजून तापायची असेल तर तिसऱ्याचा, आणि विझलेला व गार असेल तर चौथ्याचा. तिसऱ्या बटणाच्या बाबतीत चपळाई हवी, कारण चालू बल्बची काच लवकर तापू लागते. ज्याने मूळ उत्तर केवळ पाठ केले आहे त्याला चार बटणांचे कोडे नव्याने अडते. ज्याने मोजणी केली आहे त्याला ते जवळजवळ फुकट मिळते.

वस्तूचे नाव बाजूला ठेवा

उष्णता सगळ्यांना माहीत असूनही चटकन का आठवत नाही, याचे उत्तर मानसशास्त्रात बरेच आधी शोधले गेले आहे. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1935 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात मेणबत्तीचे एक कोडे मांडले होते. टेबलावर मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली एक पुठ्ठ्याची पेटी आहे. मेणबत्ती भिंतीवर उभी करायची आहे. उत्तर असे की पेटी रिकामी करून टाचण्यांनी भिंतीला ठोकायची आणि तिचाच मेणबत्तीसाठी कोनाडा करायचा. पेटीत टाचण्या भरलेल्या असताना लोकांना हे सुचणे कठीण जाते, आणि तीच पेटी रिकामी करून शेजारी ठेवली की पुष्कळ अधिक लोकांना सुचते. भरलेली पेटी म्हणजे ‘टाचण्या ठेवायची वस्तू’ असे मन ठरवून टाकते. त्याचप्रमाणे बल्ब म्हणजे ‘उजेड देणारी वस्तू’ असे ठरले की तो काचेचा आहे, आतून पोकळ आहे, तापतो, फिरवून काढता येतो, हे सारे झाकले जाते.

यावर साधा उपाय आहे. कोड्यातील प्रत्येक वस्तूसमोर तिच्या कामाचा उल्लेख न करता तिचे वर्णन लिहावे: कशाची बनली आहे, वजन किती, हलते का, तापते का, आवाज करते का, वेळेनुसार बदलते का. शेवटचा प्रश्न कधीही गाळू नये, कारण कोडे स्थिर चित्रासारखे सांगितले जाते आणि त्यामुळे काळ हे परिमाण विसरले जाते. या वर्णनाचा उपयोग मात्र वरच्या मोजणीनंतरच होतो. आधी ‘भूतकाळाची खूण हवी आहे’ हे कळले, म्हणून गुणधर्मांच्या यादीतून उष्णता उचलता आली. नाहीतर ती यादी म्हणजे नुसतीच लांबलचक यादी राहिली असती.

नऊ बिंदू : केवळ ‘चौकटीबाहेर जा’ म्हणणे पुरत नाही

तीन ओळींत तीन-तीन असे नऊ बिंदू काढावेत आणि कागदावरून पेन्सिल न उचलता चार सरळ रेषांनी ते सगळे जोडावेत, हे कोडे बहुतेकांनी पाहिलेले असते. सॅम लॉइड या अमेरिकन कोडेकाराच्या 1914 साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात ते कोलंबसच्या अंड्याच्या नावाने आले आहे. व्यवस्थापनाच्या शिबिरांमध्ये ते फळ्यावर काढून ‘चौकटीबाहेर जा’ हा मंत्र सांगण्याची पद्धत पडून गेली आहे. परंतु रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ आल्बा यांनी 1981 साली केलेल्या प्रयोगांत, रेषा चौकोनाबाहेर न्यायला हरकत नाही असे स्पष्ट सांगितल्यावरही बहुतेकांना हे कोडे सुटले नाही. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. बंधन सैल केल्याने फक्त मैदान मोठे होते; त्या मैदानात जायचे कुठे, हे त्यातून कळत नाही.

तेव्हा पुन्हा आधी वाट बंद असल्याचे सिद्ध करू. बिंदूंना ओळीने 1 ते 9 क्रमांक द्या: वरच्या ओळीत 1, 2, 3, मधल्या ओळीत 4, 5, 6, खालच्या ओळीत 7, 8, 9. समजा, प्रत्येक वळण एखाद्या बिंदूवरच घ्यायचे आहे. एका रेषेवर जास्तीत जास्त तीन बिंदू येतात. पहिली रेषा तीन बिंदू घेते. त्यानंतरची प्रत्येक रेषा आधीच घेतलेल्या बिंदूपासून सुरू होत असल्यामुळे जास्तीत जास्त दोन नवे बिंदू घेऊ शकते. तीन अधिक दोन अधिक दोन अधिक दोन म्हणजे बरोबर नऊ. हिशेब जुळतो, पण त्यात एकाही बिंदूची सवलत उरत नाही. म्हणजे चारही रेषांवर पूर्ण तीन-तीन बिंदू हवेत. आता मधली आडवी रेषा (4, 5, 6) घेतली, तर तिच्या टोकापासून तीन बिंदूंची दुसरी रेषा सुरूच होत नाही, कारण 4 आणि 6 हे आपापल्या उभ्या बाजूंच्या मध्यावर आहेत. मधल्या उभ्या रेषेचीही तीच गत. उरतात चार बाजू आणि दोन कर्ण. परंतु 2, 4, 6 आणि 8 हे बिंदू कर्णांवर नाहीत, ते एकेका बाजूवरच आहेत. म्हणून चारही बाजू घ्याव्या लागतील आणि मग मधला 5 तसाच राहील. वाट बंद.

या पुराव्यात ‘चौकोनाच्या आत’ असे शब्द कुठेही आलेले नाहीत, हे पाहावे. पुरावा उभा आहे तो ‘प्रत्येक वळण बिंदूवरच’ या गृहीतकावर. म्हणजे मोडायचे आहे ते नेमके हेच: निदान एक वळण जिथे बिंदू नाही अशा रिकाम्या जागी घ्यायला हवे. ‘चौकटीबाहेर जा’ या मोघम सूचनेपेक्षा ही सूचना किती तरी धारदार आहे. आता 1 पासून निघून 2 आणि 3 मधून जाणारी आडवी रेषा आणखी एक घर उजवीकडे वाढवावी. तिथल्या रिकाम्या जागी वळून तिरकी रेषा खाली डावीकडे आणावी. ती 6 आणि 8 घेते. ती 7 च्या एक घर खाली येईपर्यंत न्यावी आणि तिथे पुन्हा रिकाम्या जागी वळून सरळ वर जावे, म्हणजे 7, 4 आणि 1 येतात. शेवटी 1 पासून कर्णाने 5 आणि 9 घ्यावेत. दोन वळणे रिकाम्या जागी, एक बिंदूवर, आणि चार रेषांत नऊ बिंदू.

सुचलेले उत्तर तपासताना

वेगळ्या वाटेने आलेले उत्तर आवडते, आणि आवडल्यामुळेच ते तपासले जात नाही. खोलीबाहेरच्या भिंतीला भोक पाडावे, किंवा आतल्या माणसाला ओरडून विचारावे, अशी उत्तरे बल्बच्या कोड्याला मिळतात आणि ती देणारे स्वतःला चतुर समजतात. अशा उत्तराला एक प्रश्न विचारावा: डाव्या बाजूच्या यादीतील एखादे वाक्य यामुळे खोटे ठरते का, किंवा कोड्यात नसलेली एखादी वस्तू वा व्यक्ती आणावी लागते का? भोक पाडल्यास ‘दार बंद असताना उजेड दिसत नाही’ हे वाक्य मोडते. आतला माणूस कोड्यात नाहीच. उष्णतेचे उत्तर मात्र दिलेल्या बल्बच्याच गुणधर्मातून येते आणि डावीकडचे एकही वाक्य मोडत नाही. गृहीतक मोडायचे, नियम मोडायचा नाही. हा भेद सुटला की चाकोरीबाहेरचा विचार आणि पळवाट यांत काहीच अंतर राहत नाही.

दुसरी तपासणी अशी की आकडे थोडे बदलून युक्ती टिकते का ते पाहावे. सतरा उंटांची गोष्ट यासाठी चांगली आहे. बापाने थोरल्याला निम्मे, मधल्याला एक तृतीयांश आणि धाकट्याला एक नवमांश उंट ठेवले. 17 उंट काही वाटता येईनात. एका शहाण्याने आपला उंट त्यात घालून 18 केले, 9, 6 आणि 2 असे वाटले आणि उरलेला आपला उंट परत नेला. आता धाकट्याचा वाटा एक षष्ठांश करून पाहावा. 18 पैकी 9, 6 आणि 3 दिले की शहाण्याचा उंट गेलाच. युक्ती उंट उसना देण्यात नव्हती, हे इथे उघड होते. मूळ वाटण्यांची बेरीज पूर्ण एक होत नव्हती, ती 17/18 होती. बापाने थोडा भाग वाटलाच नव्हता आणि शहाण्याने तो त्याच प्रमाणात तिघांना देऊन टाकला. काटेकोर पाहिले तर प्रत्येकाला मृत्युपत्रापेक्षा किंचित अधिक मिळाले. उत्तर तरीही सुंदर आहे, पण ते का चालते हे कळल्यावर ते अधिक सुंदर वाटते.

प्रत्येक कोड्यात बाजूला सरकण्याची गरज असते, असेही मानू नये. सुडोकू किंवा ‘पाच घरे, पाच रंग, पाच माणसे’ या धर्तीची कोडी दिलेल्या अटींमधूनच पूर्ण सुटतात. तिथे नवे गृहीतक शोधत बसणे म्हणजे वेळ दवडणे. मोजणी केल्यावर वाट बंद दिसली तरच बाजूला वळावे.

बुद्धिबळाचा कापलेला पट

आता सरावासाठी असे कोडे घेऊ, ज्यात पहिली मोजणी फसवते. तत्त्वज्ञ मॅक्स ब्लॅक यांनी ते 1946 साली मांडले. बुद्धिबळाच्या पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे, म्हणजे कर्णाच्या दोन टोकांची घरे, कापून टाकली आहेत. उरली 62 घरे. प्रत्येकी शेजारची दोन घरे झाकणाऱ्या 31 पट्ट्या आपल्याकडे आहेत. त्या पट्ट्यांनी उरलेला पट पूर्ण झाकता येईल का?

62 भागिले 2 म्हणजे 31. हिशेब जुळतो, म्हणून लोक पट्ट्या मांडू लागतात. अखंड पट पट्ट्यांनी झाकण्याचेच 1,29,88,816 वेगवेगळे मार्ग आहेत, तेव्हा कापलेल्या पटावर मांडून-मोडून काही ठरवण्याची आशा व्यर्थ आहे. घरांची संख्या मोजणे पुरत नसेल, तर घरांचा दुसरा कोणता गुणधर्म मोजता येईल, हा प्रश्न इथे विचारायचा. कोड्यात ‘बुद्धिबळाचा पट’ म्हटले आहे, नुसता ‘चौकटींचा कागद’ नाही. पट्टी कशीही ठेवली, आडवी वा उभी, ती एक पांढरे आणि एक काळे घर झाकते. म्हणून 31 पट्ट्या 31 पांढरी आणि 31 काळी घरे झाकतील. परंतु कर्णाच्या टोकांची दोन्ही घरे एकाच रंगाची असतात, त्यामुळे पटावर एका रंगाची 30 आणि दुसऱ्या रंगाची 32 घरे उरली आहेत. झाकणे अशक्य. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी 1964 साली हेच कोडे यंत्राने सिद्धता शोधण्याच्या पद्धतींसमोर आव्हान म्हणून ठेवले होते, कारण रंगाची कल्पना नसेल तर सरळ वाटेने जाणाऱ्या यंत्राला ते अतिशय जड जाते.

उत्तरानंतर पुन्हा मोजणी करण्याची जी सवय बल्बच्या कोड्यात सांगितली, ती इथेही लावावी. एकाच रंगाची दोन घरे काढली तर पट झाकता येत नाही, हे कळले. मग एक पांढरे आणि एक काळे घर काढले, तर? ती घरे कुठलीही असोत, पट नेहमी झाकता येतो, हे राल्फ गोमोरी या अमेरिकन गणितज्ञाने दाखवले, आणि त्यांची रीत पेन्सिलीने करून पाहण्यासारखी आहे. पटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून पहिली ओळ पूर्ण उजवीकडे जावे. दुसऱ्या ओळीतून डावीकडे यावे, पण पहिला उभा स्तंभ सोडून दुसऱ्या घरापाशीच खाली वळावे. असेच नागमोडी खाली जात आठव्या ओळीतून थेट पहिल्या स्तंभात यावे आणि त्या राखून ठेवलेल्या स्तंभातून वर चढत मूळ घरी पोहोचावे. 64 घरांतून जाणारी एक बंद वाट तयार झाली, आणि तिच्यावर पांढरे-काळे-पांढरे-काळे असा क्रम कुठेही तुटत नाही. आता तिच्यावरचे कोणतेही एक पांढरे आणि कोणतेही एक काळे घर खोडावे. वाटेचे दोन तुकडे होतात, किंवा ती घरे वाटेवर शेजारी असतील तर एकच उरतो. काढलेल्या पांढऱ्या घरापुढे तुकडा काळ्याने सुरू होतो आणि काढलेल्या काळ्या घराच्या अलीकडे पांढऱ्यावर संपतो. म्हणजे प्रत्येक तुकड्यात घरांची संख्या सम असते, आणि वाटेवरून चालत एकामागून एक पट्ट्या ठेवत गेले की सगळी 62 घरे झाकली जातात.